कडी कोणी लावली

वाकोला,
२ नोव्हेंबर १९८७

दादा,

साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम वगैरे या खेपेला लिहीत नाही. क्षेम नाही आणि नमस्काराला हात जोडवत नाहीत.

तुझं पत्र पोचलं. नुसतं पोचलं नाही, आईला मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. तू ते माझ्या पत्त्यावर न पाठवता भाऊरावमामाच्या घाटकोपरच्या पत्त्यावर पाठवलंस, म्हणजे मी ते मधल्या मध्ये दाबून ठेवीन अशी तुला भीती होती. भीती बरोबर होती. मी दाबूनच ठेवलं असतं. मामा मात्र चष्मा लावून पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि नोटीस वाचावी तसं त्याने एकेक वाक्य वाचलं. ‘तिथल्या नन्स आईला जे औषधाचं पाणी पाजतात ते अफूपासून करतात. ज्या गर्दने आपला अनंत खाल्ला तीच ही. आईला त्यापासून दूर ठेवा.’ शेजारच्या पलंगावरच्या बाईसुद्धा ऐकत होत्या. वाचून झाल्यावर मामाने पत्राची घडी केली आणि मला म्हणाला, बघ, मस्कतला बसून त्याला कळतं, तुला इथे कळत नाही.

त्यानंतर आईने तोंड मिटलं ते मिटलंच. सिस्टरने चमचा पुढे केला की ती भिंतीकडे वळते, आणि वळताना जे दुखतं त्याने तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. आज आठवडा होत आला.

तू तिथे एसी दुरुस्त करतोस. तुला हे डॉक्टरकीचं ज्ञान कोणी दिलं ते मला माहीत नाही. पण ज्ञान आहेच तर पुढचंही ऐकून घे. तिचा रोग गर्भाशयाच्या तोंडापासून निघाला आणि आता मणक्यात शिरलाय, हे मी तुला मे महिन्यातच कळवलं होतं. मोठ्या हॉस्पिटलवाल्यांनी ऑगस्टमध्ये सांगितलं, आता घरी न्या आणि सेवा करा. सेवा म्हणजे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. घरी ती ओरडायची. शेजारची शकु रेडिओ मोठा करायची आणि मला तिचा राग यायचा नाही, कारण तिची पोरं घाबरायची. नाक्यावरचा डॉक्टर इंजेक्शन देऊन जायचा, ते उतरलं की पुन्हा तेच. मी अंधेरीच्या कारखान्यात घड्याळाचे काटे बसवायचे आणि जागरणाने ते वाकडे बसायचे, म्हणून सुपरवायझरने मला पॅकिंगला टाकलं.

मग त्याच हॉस्पिटलातल्या एका बाईने वांद्र्याच्या या आश्रमाचं नाव सांगितलं. नुकताच सुरू झालाय, बरं न होणाऱ्यांना शेवटपर्यंत ठेवून घेतात, आपल्याकडे असं काही यापूर्वी नव्हतं. मीसुद्धा पहिल्या दिवशी भांडलेच. सिस्टर ॲग्नेस म्हणून आहेत, वसईच्या, मराठी आपल्यासारखीच बोलतात. मी त्यांना विचारलं, इथे तुम्ही उपचार काय करणार? त्या म्हणाल्या, “रोगाचं आम्ही काही करत नाही. तुमच्या आईचं करतो.” मला वाटलं, बोलायला काय जातं.

पण केलं रे त्यांनी. रक्त काढायला कोणी तिला झोपेतून उठवलं नाही. तिची जखम रोज धुतली आणि धुताना नाकाला पदर लावला नाही. कोरड्या पडलेल्या तोंडात ओला कापूस फिरवला. आणि ते पाणी दिलं, चमचाभर, घड्याळ लावून. गोष्ट एवढीच आहे की दुखायला लागल्यावर द्यायचं नाही, दुखायच्या आधी द्यायचं. ओरडल्यावर औषध हा हिशेबच तिथे नाही. दोन-तीन दिवसांत आईने माझ्याकडे फणी मागितली. मग बांगडा मागितला. मी खारदांड्याला जाऊन कोळणीकडून आणला, शकुकडे तिखलं केलं आणि डब्यातून नेलं. बोटभर खाल्लं आणि तिरफळं कमी पडली म्हणून मला बोलली. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जिन्यात जाऊन रडले.

गर्दुल्ला ते घेऊन आपल्यातून उठून जातो. आई ते घेऊन आपल्यात परत आली होती. एवढा फरक मला कळतो, मॅट्रिक नापास असून.

तेव्हा ताबडतोब दुसरं पत्र लिही. तिला उद्देशून लिही, की औषध घे. माझं ती ऐकत नाही. मी तिच्या हगण्यामुतण्याची आणि तू तिच्या विश्वासाचा, अशी आपल्या घरातली वाटणी आहे. ती मला कबूल आहे, पण मग तुझ्या वाट्याचं काम तरी कर.

कुंदा


वाकोला,
१७ नोव्हेंबर १९८७

दादा,

तुझं उत्तर आलं. मी मागितलं काय आणि तू पाठवलंस काय. आईला घरी हलवा. आपली आई अनाथासारखी परक्या छपराखाली मरणार का. ख्रिश्चन लोक शेवटच्या घटकेला पाणी शिंपडून बाटवतात. मामाने एक वैद्य बघितलाय. झालं? औषधाबद्दल एक ओळ नाही.

बाटवण्याचं आधी सांगते. आईच्या उशाशी गणपतीचं कॅलेंडर आहे. ते सिस्टर ॲग्नेसनी स्वतः लावलं आणि तिला नीट दिसतंय ना म्हणून दोनदा खिळा हलवला. शेजारच्या पलंगावर मुलुंडच्या वनमालाबाई असतात, त्या दिवसभर एकट्याच पत्ते लावतात आणि डाव फसला की सरळ पत्ते बदलून घेतात. पलीकडे एक मुसलमान म्हातारी आहे. तिचा मुलगा येऊन नमाज पढतो. इथे ज्याला-त्याला आपापला देव आहे, त्याची काळजी तू करू नकोस.

मामा तुझ्या हुकमावरून टॅक्सी घेऊन आलाच होता. मी अडवलं नाही. म्हटलं, बघू या. त्याने आईला सांगितलं की दशरथने तुला घरी न्यायला सांगितलंय. आईने आलेली कळ दाबली आणि म्हणाली, “माका हयच ऱ्हवचा आसा.” तुझ्या शब्दाला तिने नाही म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मामा टॅक्सीवाल्याशी भांडत परत गेला.

तेव्हा मला वाटलं, चला, गाडी वळली, आता औषधही घेईल. मी सिस्टरकडे जाऊन चमचा मागितला. आई नाहीच म्हणाली. मग मी वाईट मार्गाने गेले. मी सिस्टरना म्हटलं, चहात घाला, तिला कळायचं नाही. सिस्टरनी मला बाजूला नेलं. म्हणाल्या, “त्या शुद्धीवर आहेत आणि नको म्हणतात. पलंगावर पडलेल्या माणसाला मी फसवणार नाही. का नको म्हणतात ते त्यांना विचारलंत का?”

विचारलं नव्हतं. मला वाटत होतं तुझं पत्र हेच कारण आहे. शनिवारी तिची पाठ पुसताना विचारलं. ती म्हणाली, “तेका मी कायएक दिलंय? मगे माका कित्याक होया?”

कळलं ना कोणाबद्दल? तिला तुझी अफूबिफू काही कळलेली नाही दादा. तिला एवढंच कळलंय की असंच काहीतरी अनंत मागत होता आणि तिने ते दिलं नव्हतं.

आपण हे कधी बोललो नाही. आता मी लिहिते, कारण तू विसरला असशील. गिरणी बंद पडली, बाबा त्या धक्क्याने गेले आणि अनंत नाक्यावर बसायला लागला तो तसाच गर्दमध्ये गेला. तू पंच्याऐंशीच्या मे महिन्यात रजेवर आलास. त्याला आतल्या खोलीत घातलंस, बाहेरून कडी लावलीस आणि आईला म्हणालास, मेला तरी उघडायची नाही, मन घट्ट कर. आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसलास. कडी लावून तू गेलास, दाराशी बसली ती. तो आत ओकत होता, हातपाय आपटत होता, आये उघड गो म्हणत होता. ती दाराला पाठ लावून बसायची आणि तुझा शब्द पाळायची. मीसुद्धा त्या घरात होते, पण ते माझं मी बघून घेईन. शेवटी त्याचा आवाज बंद झाला तेव्हा घाबरून तिने कडी काढली. तो तिच्या मांडीवर झोपला, उठला, पेज प्यायला, केस विंचरले आणि जरा फिरून येतो म्हणाला. खारदांड्याला होड्यांच्या आड सापडला. इतके दिवस अंगात काही नव्हतं आणि एकदम पूर्वीइतकं घेतलं, ते सोसलं नाही, असं पोलीस म्हणाले.

आणि तू काय लिहिलंस तेव्हा? ‘आईने कडी काढली नसती तर अनंत वाचला असता.’ ते पत्र तिला मीच वाचून दाखवलं होतं, तोवर मी तुझी सगळी पत्रं वाचून दाखवायचे. म्हणजे कडी लावून ठेवली हा गुन्हा तिचा आणि काढली हाही तिचाच. तुझा कुठलाच नाही. तिने दोन्ही पदरात घेतले आणि आता ती त्याची शिक्षा भोगतेय. मणक्यात कळ येते तेव्हा ती ओठ चावते आणि तिच्या चेहऱ्यावर एक समाधान दिसतं. ते समाधान बघून मला तुझा गळा दाबावासा वाटतो.

तुला तिला एवढंच सांगायचंय. कडी मी लावली होती, आये. तू उघडलीस ते आईने करायला हवं तेच केलंस. तुझा काही दोष नाही, औषध घे. कागदावर लिहून पाठव, मी वाचते. हे तिला फक्त तूच सांगू शकतोस, कारण ठपका तू ठेवलायस.

कुंदा


वांद्रे,
३ डिसेंबर १९८७

दादा,

तुमच्या तिथला शिवदास उद्या मस्कतला परत चाललाय, हे त्याच्या हाती देते. पत्राची वाट बघण्याइतका वेळ आता नाही.

तू लिहितोस, ‘झाल्या गोष्टी उकरून काय मिळणार’. आणि खाली पुन्हा, ‘पण कडी तिनेच काढली हे तूही नाकारत नाहीस’. तुझ्या बाजूने निकाल लागलेला कागद तुला हवाय का? देते लिहून.

ती आता खात नाही. कूस बदलायला दोघी लागतात. तिचा आवाज ओरडण्याइतकाही उरलेला नाही, तेव्हा तुझ्या मनात ‘आता दुखत नसेल’ असं यायच्या आत सांगते की दुखतंय. वनमालाबाईंनी काल तिला चांगलं झापलं. म्हणाल्या, अहो, मरायचं मलाही आहे, पण मी डाव लावता लावता मरणार, तुम्ही हा कसला सासुरवास मांडलाय. आई हसली. मग लगेच कळ आली.

आश्रमाच्या ऑफिसात फोन आहे, नंबर शिवदासकडे दिलाय. रविवारी सकाळी फोन कर. तिला तिथपर्यंत नेता येणार नाही, मीच घेईन. तू मला सांग, मी जाऊन तिला सांगते. दोनच वाक्यं आहेत, कडी मी लावली होती आणि तू उघडलीस ते बरोबर केलंस. रविवारी मी ऑफिसच्या बाहेर बाकावर बसलेली असेन.

कुंदा


वाकोला,
२० डिसेंबर १९८७

दादा,

बाराव्याला येतोयस असं मामाने सांगितलं. हे पाकीट त्याच्याकडे देऊन ठेवलंय. तो ते सहारला तुझ्या हातात देईल. विमानतळावरून आपल्या घरी यायला वेळ लागत नाही, तेव्हा टॅक्सीत बसल्याबरोबर वाच. घरात शिरायच्या आधी तुला हे माहीत असायला हवं.

फोनवर तू काय बोललास ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते. आधी तू रजेचं सांगितलंस, साहेब सोडत नाही म्हणालास. मग म्हणालास, तिच्यासाठी इथल्या मंडळींकडून जप करून घेतोय. मी म्हटलं, ते बोल. लाइनमध्ये खरखर होती, मला वाटलं तुटली. आणि मग तू म्हणालास, “कुंदा, मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलणार नाही. कडी तिने काढली.”

मी रिसीव्हर खाली ठेवला. सिस्टर ॲग्नेस टेबलाशी औषधांच्या बाटल्या पुसत होत्या. माझं बोलणं सगळं त्यांच्या कानांवर पडलं होतं, मी दोनदा ओरडलेही होते. मी वॉर्डात जायला निघाले, त्या मागोमाग आल्या.

आई दाराकडेच बघत होती. मी तिला आधी सांगून ठेवलं होतं की आज दादाचा फोन आहे, हा माझा मूर्खपणा. जवळ गेले तर विचारलं, “दशरथान काय सांगल्यान?”

तुला कडी लावायला जितका वेळ लागला असेल तितकाही मला विचार करायला लागला नाही. मी म्हटलं, दादा रडत होता. म्हणाला, आयेला सांग, कडी मी लावली होती. ती माझी चूक. तू उघडलीस ते बरोबर केलंस, दुसऱ्या कुठल्याही आईने हेच केलं असतं. तुला दुखतंय हे मला सहन होत नाही, औषध घे.

ती म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं. रडण्याचं जरा वाढवून सांगितलं. तिने डोळे मिटले. मला वाटलं, ओळखलं. पण मग तिने सिस्टरकडे तोंड वळवलं आणि आ केला.

सिस्टरच्या हातात चमचा तयार होता. नंतर जिन्यात मी त्यांना म्हटलं, तुम्ही ऐकलंत ना सगळं. त्या म्हणाल्या, “माझं लक्ष नव्हतं.” चहात चार थेंब घालायला नाही म्हणणारी बाई ती. खाली चॅपलमध्ये जाऊन त्या बराच वेळ गुडघ्यांवर बसल्या होत्या, हे मी बघितलं.

संध्याकाळी आई जागी झाली तेव्हा तिच्या कपाळावर आठी नव्हती. किती आठवड्यांनी ते कपाळ मला दिसलं. आजूबाजूला बघत राहिली. एक सिस्टर मुसलमान म्हातारीचे पाय चोळत होती, तिकडे बघून म्हणाली, “अनंताक असा कोणी बघूक नाय गो.” मग रडली, पण ते दुखण्याचं रडणं नव्हतं. आपण त्याला कुठे नेलं असतं, कोणी ठेवून घेतलं असतं, मला माहीत नाही. पण खोली आणि कडी याखेरीज काही असू शकतं हे तिला मरताना कळलं. मलाही तेव्हाच कळलं. तुला कधी कळेल?

त्यानंतरचे दिवस तिचे चांगले गेले. होय, चांगलेच म्हणते. ती अनंताबद्दल बोलली. लहानपणी तो चपात्या चोरून कुत्र्याला घालायचा ते तिने वनमालाबाईंना सांगितलं, आणि बाईंनी तिला पत्त्यांत दोनदा जिंकू दिलं. कामावरून सुटून मी जायचे तेव्हा ती माझी वाट बघत असायची, माझीच. बुधवारी दुपारी गेली. मी कामावर गेले नव्हते, तिच्या ओठांवरून कापूस फिरवत होते, तेवढ्यात. गडबड नाही, नळ्या नाहीत, कुणी मला बाहेर जा म्हणालं नाही. सिस्टरनी मला हवा तितका वेळ बसू दिलं.

आणि आता तुझ्याबद्दल. त्या दिवसांत ती येईल त्याला तुझी गोष्ट सांगत होती. माझ्या दशरथाने सगळं आपल्यावर घेतलं. इतक्या लांबून फोन करून आईसाठी रडला. मामाला सांगितलं, शकुला सांगितलं, झाडूवालीला सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, “दशरथाक माझो आशीर्वाद सांग.” सांगितला. पोचव म्हणाली होती, पोचवला. माझ्यासाठी काही ठेवला का, ते मी विचारलं नाही. स्मशानात मामा चारचौघांना सांगत होता की मुलगा असावा तर असा. मी आईच्या चितेजवळ उभी राहून हे ऐकून घेतलं. तिला शांत मरण मिळालं ते तुझ्या नावाने मिळालं, आणि हे मी तुला जन्मात माफ करणार नाही.

आता तू घरी येशील. सगळे जमलेले असतील. तुला मिठ्या मारतील, शकु डोळे पुसेल. तेव्हा तुला वाटलं तर सरळ सांग, मी असं काही बोललो नव्हतो, हे कुंदाने रचलं. माझी हरकत नाही. तू खोटं बोलत नाहीस ना, मग सांग. फक्त त्यानंतर कोणीतरी विचारेल की मग कडी कोणी लावली होती, आणि त्याचं उत्तर तुला द्यावं लागेल. लोकांच्या मिठ्या घेऊन गप्प बसणार असशील तर तेही जमेल तुला, जमत आलंय.

पण मला विचारशील तर मी सांगते काय कर. कोणाशी काही बोलू नकोस. चपला काढ आणि आतल्या खोलीत जा. दार तेच आहे, अनंताच्या नखांचे ओरखडे खालच्या बाजूला आहेत, बसावं लागेल तुला बघायला. तिथे बस आणि ती दोन वाक्यं एकदा बोल. आई ती तुझी समजून गेली आहे. तिला मी फसवलं. ते फसवणं राहू द्यायचं की नाही हे आता तुझ्या हातात आहे.

मी बाहेर दाराशी बसलेली असेन. ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोल.

कुंदा